कवळी हलू नये म्हणून
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात आरोग्य विषयावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

कार्यकारिणीने आम्हांस आरोग्यावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब असे भारदस्त विषय आमच्यासमोर होते. तरीही आम्ही दातांचा, आणि त्यातही कवळीचा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो.

गेल्या बुद्धपौर्णिमेच्या स्नेहभोजनात आम्ही वाढपी होतो. पंगतीत वस्तीतल्या एक आजी बसल्या होत्या. पुरी नको, उसळ नको, कोशिंबीर तर नकोच. दोनदा खीर घेतली आणि ताट सरकवले. आम्ही सहज विचारले, "आजी, कवळी कुठे आहे?" त्या हळूच म्हणाल्या, "कपाटात हाय बाळा, डबीत. वरची बसते, पण खालची बोलताना उड्या मारती. चारचौघांत पडली म्हंजे?" आम्ही व्यवसायाने दंतवैद्य. ज्या माऊलीच्या हातची भाकरी आम्ही लहानपणी खाल्ली, ती आमच्यासमोर अर्धपोटी उठते आणि लोक म्हणतात, वयच झाले, चालायचेच! त्या दिवशी आम्हांला आमच्या विद्येची लाज वाटली. हे भाषण त्या ताटाचे उत्तर आहे.

धम्मात दातांचा विचार

तथागतांनी जरा म्हणजे काय हे समजावताना जी लक्षणे सांगितली, त्यांत दात पडणे, केस पिकणे आणि कातडीला सुरकुत्या येणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्यापैकी अनेकांनी श्रामणेर दीक्षा घेतली आहे. त्या वेळी शरीराच्या ज्या पाच अंगांवर ध्यान करायला शिकवतात त्यांत केस, लोम, नख आणि त्वचा यांच्या बरोबरीने दात आहेत. या देहाची आसक्ती नको, हा त्यातला बोध.

पण आसक्ती नको म्हणजे हेळसांड करा, असे बुद्धांनी कोठेही सांगितलेले नाही. उलट विनयात आणि अंगुत्तर निकायात दातवण वापरण्याचे पाच लाभ सांगितले आहेत: डोळ्यांना हित, तोंडाची दुर्गंधी नाही, चव नीट कळते, पित्त-कफ अन्नाला माखत नाही आणि जेवण रुचते. अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्षूंना सांगितलेल्या या पाच गोष्टींपैकी निदान तीन तरी आजचा दंतवैद्य जशाच्या तशा सांगतो. आजारी भिक्षूची शुश्रूषा करणे म्हणजे माझीच शुश्रूषा करणे, हेही त्यांनीच शिकवले. तेव्हा म्हाताऱ्या माणसाच्या घासाची काळजी घेणे हे धम्माबाहेरचे काम नाही.

खालचीच कवळी का हलते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वरची कवळी टाळूवर पसरते. थुंकीचा पातळ थर आणि कडांची बंद जागा यांमुळे ती ओल्या काचेवर काच चिकटावी तशी धरून राहते. खालच्या कवळीला टाळू नाही. ती घोड्याच्या नालेच्या आकाराची, अरुंद, आणि मध्ये जीभ सदा हलती. एका बाजूने गाल ढकलतो, दुसऱ्या बाजूने जीभ. म्हणून नवी असतानाही ती वरच्या कवळीसारखी घट्ट बसत नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. जबड्याचे जे हाड दातांना धरून असते, ते दातांसाठीच असते. दात गेले की त्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजू लागते. कवळी वापरणाऱ्यांची पंचवीस वर्षे पाहणी करून एक अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. ही झीज थांबत नाही आणि वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात ती सुमारे चौपट होते, असे त्यात दिसून आले. म्हणजे दहा वर्षांपूर्वी नीट बसणारी कवळी आज सैल होते, त्यात कवळी बनविणाऱ्याची चूक असेलच असे नाही. खालची जमीनच खचलेली असते.

परिणाम काय होतो? पूर्ण कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच उरतो, असे साधारणपणे मानले जाते. मग माणूस भाकरी सोडतो, मोड आलेले कडधान्य सोडतो, काकडी-गाजर, मटण, सुके बोंबील सोडतो. चहा-बिस्कीट, मऊ भात आणि खीर यांवर दिवस काढतो. ज्याला मधुमेह आहे त्याच्यासाठी तर हा आहार उलटाच. बाबासाहेबांनाही मधुमेहाने किती छळले हे आपण जाणतो. पोटाबरोबर मनही आक्रसते. हसताना तोंडावर हात जातो, लग्नकार्यात जाणे कमी होते, विहारात वंदना मोठ्याने म्हणवत नाही.

सशाच्या हाडातून निघालेला उपाय

यावर जो उपाय निघाला त्याची कथा विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखी आहे. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक होते. त्यांचा विषय दात नव्हताच. हाडातील रक्ताभिसरण कसे चालते हे पाहण्यासाठी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम धातूची एक छोटी नळी बसवली. तिच्यातून सूक्ष्मदर्शकाने पाहता येई. प्रयोग संपल्यावर ती महागडी नळी काढून पुन्हा वापरायची होती, पण ती निघेना. हाड तिला घट्ट धरून वाढले होते.

दुसरा एखादा वैतागला असता. यांनी विचारले, असे का झाले? टायटॅनियमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा पातळ थर चढतो. शरीर त्याला परके मानून बाहेर ढकलत नाही, आणि हाडाच्या पेशी थेट त्याला भिडून वाढतात. हाडात धातू असा एकजीव होत असेल तर त्यावर दात का उभा राहू नये? १९६५ साली योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी असे रोपण केले. लार्सन २००६ साली वारले, आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या रोपणांनी त्यांना साथ दिली. इतर डॉक्टर मात्र बरीच वर्षे शंका घेत राहिले. १९८२ साली कॅनडातील टोरांटो येथे भरलेल्या परिषदेनंतर जगाने ही पद्धत मान्य केली. मुलांनो, नळी निघत नाही म्हणून चिडला तो कारागीर, आणि का निघत नाही असे विचारले तो शास्त्रज्ञ. कार्यकारणभाव शोधणे ही बुद्धाची दृष्टी, आणि विज्ञानाचीही तीच.

टिचबटणाची कवळी

रोपण, ज्याला सर्वजण इम्प्लांट म्हणतात, ते म्हणजे टायटॅनियमचा बारीक स्क्रू. जाडी साधारण साडेतीन ते साडेचार मिलिमीटर, लांबी आठ ते तेरा मिलिमीटर. अनेकांना वाटते की जितके दात तितके इम्प्लांट लागतात. तसे मुळीच नाही. खालच्या जबड्यात सुळ्यांच्या जागी, उजवीकडे एक आणि डावीकडे एक, असे दोन इम्प्लांट पुरतात. हीच जागा का? खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जबड्यातून उपदाढांच्या जवळ बाहेर येते. तिच्या पुढच्या भागात नसेला इजा होण्याचा धोका कमी, आणि म्हातारपणीही तेथेच बहुधा पुरेसे हाड शिल्लक असते.

हे दोन स्क्रू हाडात बसले की त्यांवर गोल डोक्याची छोटी खुंटी चढवतात, आणि कवळीच्या आतल्या बाजूस तिला धरणारी खोबण बसवतात. आमच्या माता-भगिनींना ही गोष्ट एका शब्दात कळेल: पोलक्याचे टिचबटण! एक भाग जबड्यात, दुसरा कवळीत. टिच् आवाज झाला की कवळी बसली. रात्री ओढली की निघाली. खोबणीत रबराची कडी किंवा नायलॉनची टोपी असते. काही ठिकाणी दोन इम्प्लांट धातूच्या दांडीने जोडून त्यावर कवळी अडकवतात. तत्त्व एकच.

२००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी मत दिले की, खालचे सर्व दात गेलेल्या माणसाला नुसती कवळी न देता दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी हीच पहिली निवड असावी. २००९ साली इंग्लंडमधील यॉर्क येथील तज्ज्ञांनीही त्यास दुजोरा दिला. वरच्या जबड्याचे हाड मऊ असते, तेथे साधारणपणे चार इम्प्लांट लागतात. मात्र बहुतेकांची वरची कवळी साधीच चालते. खालची स्थिर झाली की निम्मे दुःख सरते.

प्रत्यक्षात काय करतात?

प्रथम जबड्याचा एक्स-रे, गरज पडल्यास त्रिमितीय स्कॅन, रक्ताची तपासणी आणि साखर. मग फक्त जागा बधिर करून, दात काढताना देतात तशीच सुई देऊन, हाडाला छिद्र पाडतात. हाड तापू नये म्हणून सतत सलाईनचे पाणी सोडतात, कारण ४७ अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर तापले तरी हाडाच्या पेशींना इजा होते. काम तासाभराचे. दोन-तीन दिवस सूज, मऊ खाणे.

त्यानंतर मात्र वाट पाहणे. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्यात चार ते सहा. या काळात हाड स्क्रूला धरते. शेतात रोप लावून दुसऱ्या दिवशी उपटून पाहू नये, तसेच हे आहे. काही ठिकाणी एका दिवसात दात देण्याची जाहिरात असते. निवडक रुग्णांत ते शक्य असते, पण सर्वांसाठी नाही. खालच्या जबड्यात नीट केलेले इम्प्लांट शंभरातील पंचाण्णवांहून अधिक टिकतात. म्हणजे काही निकामीही होतात, हे डॉक्टरने आधीच सांगितले पाहिजे आणि आपणही विचारले पाहिजे.

कोणी सावध राहावे?

वय हा अडथळा नाही. सत्तरीतील, ऐंशीतील माणसालाही हे करता येते. अडथळे वेगळे आहेत. साखर आटोक्यात नसेल तर जखम भरत नाही, पू होतो. आधी साखर, मग इम्प्लांट. हाडांच्या ठिसूळपणासाठी काही गोळ्या वा इंजेक्शने चालू असतील, रक्त पातळ करणारे औषध असेल, तोंडाच्या वा मानेच्या कर्करोगासाठी किरणोपचार झाले असतील, तर ते लपवू नये. आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तंबाखू. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण अधिक आहे. गुटखा-सुपारीने ज्यांचे तोंड आखडले आहे, दोन बोटेही आत जात नाहीत, त्यांच्या तोंडात हत्यार जाणार कसे?

आमच्या वस्तीत मशेरी लावणाऱ्या भगिनी अजून आहेत. मशेरीने दात घट्ट होतात, ही समजूत साफ चुकीची आहे. ती भाजलेली तंबाखूच. हिरडी बधिर होते म्हणून दुखत नाही इतकेच, आतून दात सुटत राहतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण मन बंदी घालत नाही तोवर कायद्याचा हात तोकडाच. पंचशीलातील पाचवे शील फक्त दारूपुरते समजून तोंडात पुडी धरणाऱ्या तरुण बांधवांनी याचा विचार करावा.

पैशाचे काय?

आता खरा प्रश्न. खाजगी दवाखान्यात एका इम्प्लांटला वीस हजारांपासून चाळीस-पन्नास हजारांपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही अधिक मागतात. कवळी वेगळी. आपले अनेक ज्येष्ठ वागळे इस्टेटच्या कारखान्यांतून, कल्याणच्या रेल्वे शेडमधून, डोंबिवलीच्या एमआयडीसीतून, अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झाले. कुणाला पेन्शन आहे, कुणाच्या कारखान्याला टाळे लागून हातात काहीच नाही.

म्हणून आम्ही चार गोष्टी सांगतो. पहिली, संपूर्ण पक्के दात बसवण्यासाठी चार-सहा इम्प्लांटचा मोठा खर्च सांगितला तर घाबरू नये आणि कर्जही काढू नये. दोन इम्प्लांटची कवळी चालेल का, असे स्पष्ट विचारावे. काहीच न करणे हे एक टोक, कर्ज काढून पक्की बत्तीशी बसवणे हे दुसरे. मध्यम मार्ग येथेही आहे. दुसरी, ज्यांना दोन इम्प्लांटही परवडत नाहीत त्यांनी निराश होऊ नये. जुनी सैल कवळी आतून पुन्हा भरून घेता येते किंवा नवी नीट बनवून घेता येते. सराव केल्यास तीही उपयोगी पडते. तिसरी, दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करावी. कल्याण-डोंबिवलीकरांना सीएसएमटीला उतरून सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय गाठता येते. मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे, ते १९३३ साली स्थापन झाले. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर गाडीने नेरूळलाही खाजगी दंत महाविद्यालये आहेत. तेथे वेळ अधिक जातो, खेपा होतात, पण अध्यापकांच्या देखरेखीखाली काम होते आणि खर्च बहुधा खाजगीपेक्षा कमी येतो. आपल्या पालिकेच्या रुग्णालयांत, म्हणजे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर येथे, साखर-रक्तदाबाची तपासणी आधी करून घ्यावी. चौथी, १९४८च्या दंतवैद्य कायद्यापासून या व्यवसायाला नोंदणीचे बंधन आहे. डॉक्टरची पदवी व नोंदणी क्रमांक पाहण्यात संकोच कसला? बाजारात बसून शेजारच्या दातांना प्लास्टिकचा दात कायमचा चिकटवून देणारे भोंदू आपण पाहिले आहेत. एका दाताच्या नादात त्यांनी किती जणांचे चांगले दात घालवले, याची मोजदाद नाही.

बसवल्यानंतर

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याभोवतीच्या हिरडीला रोग होतो आणि हाड खचते. म्हणून रोज कवळी काढून खुंटीभोवती मऊ ब्रश फिरवावा. कवळी साबणाने व मऊ ब्रशने धुवावी. उकळत्या पाण्यात टाकू नये, वाकडी होते. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवावी. सहा महिन्यांनी दाखवावे. नायलॉनची टोपी झिजते, ती अधूनमधून बदलावी लागते. टिचबटण सैल झाले म्हणून कोणी पोलके फेकून देत नाही.

त्या आजींचे काय झाले?

आपण विचाराल म्हणून सांगतो. आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलगा तयार होता, पण आजीच म्हणाल्या, "माझं आता किती राहिलं? त्या पैशात नातीच्या क्लासची फी भरा." आमच्या आया-आज्यांची पिढीच अशी. त्यांनी आयुष्यभर स्वतःचा घास मुलांच्या ताटात टाकला. तेव्हा दहावीतली ती नात म्हणाली, "आजी, तू माझ्यासोबत जेवत नाहीस, ते मला नको आहे." यावर आजींकडे उत्तर नव्हते.

पुढचे सारे सुरळीत झाले असे नाही. साखर खूप वाढलेली निघाली, ती खाली यायला तीन महिने गेले. मशेरी सुटता सुटेना. दोनदा सोडली, दोनदा धरली, तिसऱ्यांदा सुटली. दंत महाविद्यालयात अनेक खेपा झाल्या, नातच घेऊन जाई. सारे मिळून आठ-नऊ महिने लागले. आज आजी भाकरी आणि सुकटीची चटणी खातात. आणि वंदनेला पहिल्या रांगेत बसून मोठ्याने म्हणतात, हे आपण आजच ऐकले.

संस्थेस विनंती

शेवटी दोन विनंत्या. संस्था दरवर्षी वह्या वाटते, गुणवंतांचा सत्कार करते, ते चालूच राहावे. त्यासोबत वर्षातून एक दिवस ज्येष्ठांच्या तोंडाची तपासणी ठेवावी. त्यात कवळीबरोबरच तोंडातील पांढरे-लाल चट्टे, न भरणाऱ्या जखमाही पाहाव्यात, कारण कर्करोग लवकर कळला तर जीव वाचतो. आणि एक लहानसा 'घास निधी' काढावा. दरवर्षी दोन-तीन निराधार ज्येष्ठांची कवळी झाली तरी पुरे. तपासणीचे काम आम्ही विनामूल्य करू, हा शब्द या व्यासपीठावरून देतो.

विद्यार्थी मित्रांनो, दंतवैद्यक हा आपल्या मुला-मुलींनी निवडण्याजोगा मार्ग आहे. शिवाय कवळी, खुंटी, दांडी घडवणारे दंत-तंत्रज्ञ लागतात, त्या कौशल्याचाही विचार करावा. शिका हा बाबासाहेबांचा आदेश आपण पाळतो. ते शिक्षण आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसाच्या ताटापर्यंत पोचले की नाही, एवढे दरवर्षी एकदा तपासून पाहावे.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला पंगतीत वाढताना एवढे करा. कोणी खिरीपलीकडे काही घेत नसेल तर पुढे जाऊ नका. जवळ बसा आणि विचारा.

जयभीम! नमो बुद्धाय!